आमची अश्वपरीक्षा

आमच्या घराण्यात घोडा होता. कोणत्या पिढीत होता ते कुणाला सांगता येत नाही, आणि तो गेला कसा यावरून दोन चुलत घरांत अजून एकमेकांकडे पाणीसुद्धा पीत नाहीत. पण होता. शिवाय आम्ही शिलेदार. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला जाई तो शिलेदार आणि सरकारी पागेतल्या घोड्यावर बसे तो बारगीर, हे मी माझ्या लग्नाच्या बोलणीतही सांगितलं होतं. पुढे आयुष्यात जी जी मराठी घराणी भेटली, ती सगळी शिलेदारांचीच निघाली. इतिहासात तर बारगीर हजारोंनी होते. ते बहुधा सगळे अविवाहित राहिले.

तेव्हा निवृत्त झाल्यावर, फंडाचे पैसे हातात येताच घोडा घ्यावा असं माझ्या रक्तानं ठरवलं, यात नवल नाही. (रक्त तेच, ज्यात साखर जरा जास्त निघते.) भोरच्या बाजूला थोडं रान आहे, विहीर आहे, गोठा रिकामा आहे. बायको म्हणाली, "रिक्षात शिरताना आधी डोकं घालायचं की पाय, हे अजून ठरत नाही तुमचं." शिलेदारांच्या बायकाही असंच काहीतरी म्हणाल्या असणार, बखरकारांनी ते गाळलं. पुतण्या म्हणाला, "काका, बसायचीच हौस असेल तर माथेरानला तासावर मिळतो की." शिलेदार तासावर बसत नाहीत, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. हल्ली शाळांमधून काय शिकवतात कोण जाणे.

त्याची पुढची सूचना जास्त अपमानाची होती. जनावर घेण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्यायचं म्हणे. आता, घोडा पारखणं ही काय माझ्यासारख्याला शिकवायची गोष्ट आहे? माझी एक पद्धत आहे. दोन पावलं मागं सरायचं, डोळे बारीक करायचे आणि हळूच "हं" म्हणायचं. या 'हं'मध्ये फार मोठा दरारा असतो. मी तो आरशासमोर घोटून तयार केला होता. अज्ञातवासात नकुलानं विराटाच्या पागेत ग्रंथिक या नावानं नोकरी धरली, तेव्हा त्यानंही मुलाखतीत यापेक्षा फार काही केलं नसावं.

पण पुतण्यानं डॉक्टर ठरवूनही टाकली. तरुण मुलगी, परळच्या १८८६ सालच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलेली. भेटल्या भेटल्या तिनं मला "काका" म्हटलं. घोडा विकत घ्यायला निघालेल्या माणसाला काका म्हणू नये, एवढं त्या अभ्यासक्रमात घालायला हरकत नव्हती.

माझ्या बाजूनं मी गावाकडच्या तात्यांना घेतलं. सारंगखेडा, अकलूज, माळेगाव, महाराष्ट्रात घोड्यांच्या बाजारांना तोटा नाही. आम्ही यांतल्या कुठल्या बाजारात गेलो की आणखी कुठं, ते लिहीत नाही. तात्यांना पुन्हा तिकडं जायचं आहे.

घोडी मला पाहताक्षणी आवडली. मारवाडी, कुमैत रंगाची, मागचे दोन्ही पाय पांढरे, आणि कान असे आत वळलेले की टोकाला टोक टेकलेलं. नाव मैना. मी दोन पावलं मागं सरलो, डोळे बारीक केले, आणि 'हं' म्हणणार तेवढ्यात तिनं मान लांब करून माझ्या जाकिटाच्या आतल्या खिशाशी ओठ नेला. घोड्याचा वरचा ओठ ही काय चीज आहे हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मऊ, लांब मिशांचा, आणि बोटासारखा कामाला लागणारा. त्या ओठानं तिनं खिशाचं बटण चाचपलं, बाजूला सारलं आणि लिमलेटच्या गोळ्यांची पुडी बाहेर काढली. गेली कित्येक वर्षं माझ्या बायकोला न सापडलेली पुडी! मी मनातल्या मनात तिथंच विसार दिला.

मालक म्हणाला, "पाच वर्षांची आहे साहेब. कागदपत्र सगळं तयार."

आणि तात्यांनी भोवरे बघायला सुरुवात केली.

भोवऱ्यांविषयी मला इथं जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. ज्यांना डॉक्टरी तपासणीचीच घाई आहे त्यांनी चार परिच्छेद गाळावेत. मी मात्र गाळणार नाही. घोड्याच्या अंगावरचे केस जिथं गोल फिरतात, तिथं त्याच्या धन्याचं नशीब लिहिलेलं असतं, अशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. गळ्यावरचा देवमण असला तर बाकीचे गुन्हे माफ. डोळ्याखाली भोवरा असला तर तो आसूढाळ, धन्याला रडवणार. पायावरच्या भोवऱ्याचं टोक खाली वळलेलं असेल तर खुंटेगाड, म्हणजे तुमचा खुंटा घट्ट. वर वळलेलं असेल तर खुंटेउपट, म्हणजे तुम्ही बिऱ्हाडासकट उठलात. खेरीज गोम असते, ती कुठं निघाली की कशी वाईट, याचं वेगळं शास्त्र. तात्या हे सगळं चष्मा कपाळावर सरकवून, बोटानं केस उलटसुलट करून बघतात आणि अधूनमधून "अरारा" म्हणतात. त्या एका "अरारा"नं घोड्याची किंमत पाच हजारांनी उतरते. देवमण सापडला की मात्र ते काही बोलत नाहीत, कारण मालक ऐकत असतो.

भोवऱ्यांविषयी माझी आस्था घरगुती आहे. माझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत. ज्याच्या डोक्यावर दोन भोवरे त्याची दोन लग्नं, हे आमच्या आत्यानं बारशालाच भर मांडवात जाहीर केलं. मुंजीत न्हाव्यानं डोकं भादरल्यावर सगळ्या आळीनं येऊन खात्री करून घेतली. माझ्या लग्नाच्या वेळी वडिलांनी मला बोहल्यावर चढेपर्यंत टोपी काढू दिली नाही. शिलेदारीची बढाई उघड मारली, भोवरे मात्र झाकले. ते बायकोला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, अभ्यंगस्नानाला तेल लावताना सापडले. तेव्हापासून तिनं माझ्यावर जी नजर ठेवली आहे ती आजतागायत. आता त्या इलाख्यात केसच उरले नसल्यानं पुरावा नष्ट झाला, पण खटला चालू आहे.

आणि हा सगळा अडाणीपणाच आहे असंही नाही बरं का. अमेरिकेत टेंपल ग्रँडिन या बाईंनी १९९५च्या सुमारास गुरांच्या कपाळावरचे भोवरे तपासले, तेव्हा डोळ्यांच्या रेषेच्या वर भोवरा असलेली गुरं धरबांध करताना जास्त उसळतात असं त्यांना दिसलं. हे मी तात्यांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. तात्या म्हणाले, "बापू, गुरांचं सोड. गुरांवर कोण बसतं?"

इतक्यात डॉक्टरबाईंनीही वही काढली आणि मैनेच्या कपाळावरचा, मानेवरचा, छातीवरचा भोवरा चित्रात टिपून ठेवायला सुरुवात केली. तात्यांचा चेहरा उजळला. "बघ! डॉक्टर लोकपण मानतात." बाई म्हणाल्या, "मानत नाही तात्या, नोंदवते. रंग उन्हात फिका पडतो, अयाळ कापता येते, भोवरा मात्र जन्मभर जागा सोडत नाही. ओळख पटवायला त्यासारखं दुसरं काही नाही." तात्यांना यातलं निम्मंच ऐकू आलं, आणि ते त्यांच्या सोयीचं होतं.

तपासणीचा पहिला बराच वेळ त्या बाईंनी घोडीला हातच लावला नाही. लांब उभ्या राहून नुसत्या बघत होत्या. मला बरं वाटलं, माझीच पद्धत. आता 'हं' म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या बघत होत्या पाय. घोडा मागचा एक पाय सैल सोडून उभा राहिला तर तो आराम करतोय. तसा त्याचा रिवाजच आहे. पुढचा पाय जर असा पुढं काढून टेकवला, तर तो पाय काहीतरी सांगतोय. मैना चारी पायांवर नीट उभी होती आणि माझ्या लिमलेटच्या गोळ्या कागदासकट खात होती.

मग तोंड. धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं आपल्याकडे म्हणतात. इथं धर्माचं काही नव्हतं, मालकानं सांगितलेला आकडा ऐकून मला खाली बसावं लागलं होतं, म्हणून दात बघणं भाग होतं. घोड्याचे पुढचे कायमचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास जोडीजोडीनं येतात. पाच वर्षांपर्यंत वय सांगणं त्यामुळे सोपं. पुढं सगळा झिजेचा हिशेब. वरच्या कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ एक खोबण उमटते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. गॅल्व्हेन नावाच्या एका घोडे वठणीवर आणणाऱ्या गृहस्थाचं नाव तिला मिळालेलं आहे. अंदाजच तो, पण पाच आणि बारा यांतला फरक सांगण्यापुरता पुरतो. बाईंनी मैनेची जीभ अलगद बाजूला धरली, ओठ उचलला आणि मला जवळ बोलावून ती खोबण दाखवली. पिवळ्या दातावर तपकिरी रेघ, दाताच्या चौथाईच्या जरा पुढं उतरलेली. "बारा-तेरा तरी असेल," त्या म्हणाल्या, आणि सवयीनं त्यांची नजर माझ्या तोंडाकडे वळली. मी तोंड मिटलं. माझी कवळी नवीन आहे. तिच्यावरून काही सिद्ध होत नाही.

डोळ्यांत विजेरी मारून झाली, पोटाला कान लावून झाला (घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात दुखलं की ते जिवावरचं दुखणं असू शकतं). मग डाव्या कोपराच्या मागं स्टेथोस्कोप ठेवून त्यांनी सगळ्यांना गप्प बसवलं. बाजार मात्र गप्प बसेना. पलीकडे कुणाचा तरी घोडा ढोलावर नाचत होता. बाई डोळे मिटून मोजत राहिल्या. मिनिटाला ३६. निवांत घोड्याचे ठोके २८ ते ४४च्या दरम्यान असतात म्हणे. माझे एवढे पडले असते तर नातेवाइकांना कळवलं असतं. किंमत ऐकल्यापासून माझे शंभराच्या घरात होते, पण मला कुणी स्टेथोस्कोप लावला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ गेला खुरांवर. बाईंनी एकेक पाय उचलून मांडीवर घेतला, आकड्यानं माती-शेण खरवडून काढलं, वास घेतला, हाताच्या पालथ्या बाजूनं खूर गरम लागतोय का ते पाहिलं आणि मग एका मोठ्या चिमट्यानं खुराचा काठ इंचाइंचानं दाबत गेल्या. दाबताना त्यांचं लक्ष खुराकडं नव्हतं. ते घोडीच्या कानाकडं आणि खांद्याकडं होतं. डाव्या पुढच्या खुराच्या टाचेशी चिमटा आला तेव्हा मैनेनं पाय ओढला नाही, फक्त खांद्यावरची कातडी थरथरली. माशी बसल्यावर थरथरते तशी. तिथं माशी नव्हती.

शिवाजी महाराजांच्या पागेत दर पंचवीस घोड्यांमागं एक पखालजी आणि एक नालबंद असे, असं सभासद लिहितो. म्हणजे राज्य उभं करणाऱ्याला ठाऊक होतं की घोडा खुरावर उभा असतो. आम्हा वंशजांना तलवारी, जिरेटोप आणि वळवलेल्या मिशा यांच्यापलीकडं काही आठवत नाही. आपण नालबंदांचे वंशज आहोत, असं अभिमानानं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पळवायची वेळ आली. मोतद्दारानं दोर धरून तिला टणक रस्त्यावर दुडक्या चालीनं नेलं-आणलं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोकं वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. मैनेचं डोकं सरळ. मालक हसला. मग बाईंनी तिचा डावा पुढचा पाय दुमडून मिनिटभर तसाच धरून ठेवला, आणि सोडल्या सोडल्या पुन्हा पळवायला सांगितलं. सांध्यात काही असेल तर पहिल्या पावलांत उघडं पडतं. ही परीक्षा माझी रोज सकाळी देशी संडासात होते आणि मी रोज नापास होतो. मैना पहिली पाच-सहा पावलं सरळ सरळ लंगडली, आणि मग सावरली.

"उन्हात उभी आहे सकाळपासून," मालक म्हणाला.

बाई म्हणाल्या, "असेल. रक्त घेते मग थोडं. एक वेदनाशामकासाठी, एक ग्लँडर्ससाठी, हिसारला पाठवायला."

इथं मालकाचं हसू गेलं. मला आधी राग आला, पण कारण ऐकल्यावर तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. ग्लँडर्स हा घोड्यांचा फार वाईट रोग. त्यावर लस नाही, माणसालाही होतो, आणि तपासणीत बाधित ठरलेलं जनावर २००९च्या कायद्याखाली मारावंच लागतं. ज्याचं पोट बारा घोड्यांवर आहे त्याला रक्ताची ती छोटी बाटली कशी दिसत असेल, हे मला फंडाच्या पैशांवर उभं राहून सांगता येणार नाही. पण वेदनाशामकाचं काय? दुखऱ्या पायात सुई टोचून जनावर बाजारात उभं करायचं, ते दिवसभर न लंगडता पळवायचं, संध्याकाळी पैसे मोजून घ्यायचे, हा उद्योग जगभर इतका माहितीचा आहे की इंग्लंडात खरेदीच्या वेळी घेतलेलं रक्त सहा-सहा महिने राखून ठेवतात. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. दुखणं न दाखवणं त्याच्या अंगवळणीच पडलेलं असतं. कातडीच्या थरथरीएवढी खूण तो देतो, आणि आपण ती पुसायला सुई काढतो. मैनेला सुई दिली होती का, हे मी सांगू शकत नाही. मालकानं रक्त घेऊ दिलं नाही.

त्यानं कागद पुढं केला. "सगळ्या तपासण्या झाल्यात. सरकारी शिक्का आहे."

बाईंनी कागद वाचला, वहीतलं चित्र उघडलं, पुन्हा कागद वाचला. कागदावरच्या घोडीचं वय पाच होतं, रंग कुमैत होता, मागचे पाय पांढरे होते. पण तिच्या कपाळावर दोन भोवरे होते, एकावर एक. मैनेच्या कपाळावर एकच. "हा कागद दुसऱ्या घोडीचा आहे," बाई म्हणाल्या.

तात्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "मी पहिल्यापासून सांगतोय," ते म्हणाले, "सगळं भोवऱ्यावर असतं."

तरीही माझा जीव मैनेत अडकलेला होता. बारा वर्षांची तर बारा वर्षांची; मी तरी कुठं पाच वर्षांचा आहे? रक्ताचं पुन्हा समजावून बघू, पायावर उपचार करू, गोठ्यात ठेवू, रविवारी एखादी रपेट. मी बाईंना विचारलं, "एका शब्दात सांगा, पास की नापास?"

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. हा त्यांच्या विद्येतला सगळ्यांत चावरा प्रश्न. आमचं काम पास-नापास ठरवण्याचं नाही, म्हणाल्या. जनावराचं काय करणार ते कळलं तर धोका किती ते सांगू. शर्यतीसाठी? पैदाशीसाठी? पोरांना शिकवायला? बसणार कोण?

"मी," मी म्हणालो, आणि छाती काढली. पोटही त्याबरोबर आलं.

मघाशी घोडीकडं लांबून बघत होत्या तशाच नजरेनं बाईंनी माझ्याकडं पाहिलं, आणि सुरुवात पायांपासून केली. मग टेप काढली. मला वाटलं आता माझी छाती मोजतात, पण त्यांनी मैनेची मोजली. छातीचा घेर १६० सेंटीमीटर, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत लांबी १५८. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. वजन ३४० किलो. घोड्यानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं वाहू नये, असा साधारण नियम. म्हणजे ६८ किलो.

"खोगीर धरून," बाई म्हणाल्या. "खोगिराचे आठ काढा. काका, तुमचं वजन?"

बाजारात एवढा गोंगाट होता, पण नेमका त्या क्षणी ढोल थांबला. "चौऱ्याण्णव," पुतण्या म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

साठ किलो मी लग्नात होतो, टोपीसह. आणि आमचा तो मूळपुरुष शिलेदार, भाकर-कांदा खाऊन भीमथडीच्या तट्टावर दिवसदिवसभर दौडणारा, तो तरी साठाच्या वर असेल असं वाटत नाही. त्याच्या घोड्यावर त्यानं मला बसू दिलं नसतं. या विचारानं मी खरोखर थोडा वेळ गप्प झालो, आणि पुतण्याला वाटलं मला चक्कर आली.

आम्ही निघायच्या आधीच मैना विकली गेली. घेणारा वराती पुरवणारा होता. त्यानं आणि मालकानं रुमालाखाली हात घालून बोटं दाबली, दोनदा मान हलली, संपलं. त्यानं दात पाहिले नाहीत, खूर उचलला नाही, कागद वाचला नाही. देवमण तेवढा चाचपला. आता लग्नसराईत ती डांबरी रस्त्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या डीजेपुढं, त्या डाव्या पायावर नाचेल आणि पाठीवर सुटाबुटातला नवरदेव असेल. त्याचं वजन कुणी विचारणार नाही. वरातीच्या घोडीला नवरदेवापेक्षा जास्त हार घालतात आपल्याकडे, पण तिचा पाय उचलून बघायला एक माणूस पुढं येत नाही, याचा मला त्या दिवसापासून जो राग आहे तो अजून गेलेला नाही. पुढच्या लग्नात मी घोडीजवळ जाऊन टक लावून पायांकडं बघत राहिलो, तेव्हा मुलीकडच्यांनी मला जेवायला लवकर बसवलं.

घोडा घेण्याचा बेत रद्द नाही. तुमच्यापैकी कुणी निघणार असाल तर डॉक्टर आपला न्या, मालकानं सुचवलेला नको. रक्ताचा अहवाल हातात येईपर्यंत विसार देऊ नका. कागद घोड्याशेजारी उभं राहून वाचा. आणि ५०० किलोच्या वरचं, शांत स्वभावाचं, चारी पायांनी धड असं जनावर कुणाच्या पाहण्यात असेल तर मला जरूर कळवा. माझं वजन सध्या ९१ आहे. रंग कुठलाही चालेल. दात, खूर आणि रक्त आमच्या डॉक्टरबाई बघतील, भोवरे तात्या बघतील.